शॉर्टस्टॉपची बॅट

प्रिय मुला,

सप्रेम आशीर्वाद. बॅट चालत नाही म्हणून बेसबॉलच्या सिलेक्शनमध्ये तुझं नाव मागे पडलं, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. वाईट वाटलं. पण पुढचं वाचून कपाळाला हात लावला. महिनाभर रोज होमरनची, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर मारायची प्रॅक्टिस, आणि ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू घेणं जवळजवळ बंद? अरे, संघात तुला घेतलं होतं कशासाठी?

ओझी स्मिथचं नाव तू ऐकलं असशील. 1978 ते 1996 अशी एकोणीस वर्षं तो अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, म्हणून खेळला, पहिली चार सॅन दिएगो पाद्रेजकडून आणि उरलेली सेंट लुईस कार्डिनल्सकडून. एकोणीस वर्षांत त्याचे होमरन किती? 28. मोठे फटके मारणारा एखादा गडी एवढे एका हंगामात मारतो. तरीही 2002 मध्ये पहिल्याच मतदानात तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला, तेही 91.7 टक्के मतं घेऊन. 1980 पासून 1992 पर्यंत सलग तेरा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचे पुरस्कार, त्याच्याकडे होते. 1980 च्या एका हंगामात त्याने 621 असिस्ट केले. म्हणजे दर सामन्याला जवळपास चार वेळा त्याच्या थ्रोमुळे कोणीतरी आउट झालं. शॉर्टस्टॉपसाठी तो विक्रम होता.

20 एप्रिल 1978 चा त्याचा एक प्ले नेटवर शोधून बघ. तेव्हा तो मेजर लीगमध्ये अगदी नवा होता. अटलांटाच्या जेफ बरोजने मधोमध ग्राउंडर मारला. ओझीने दुसऱ्या बेसच्या मागे डावीकडे झेप घेतली आणि तो हवेत असतानाच चेंडू वाईट उसळून त्याच्या पाठीकडे निघाला. ग्लव्ह पुढे गेलेला, वळवायला वेळ नाही. त्याने मागच्या मोकळ्या उजव्या हाताने चेंडू पकडला, स्वतः खाली आपटला, उठला आणि पहिल्या बेसला थ्रो करून बरोजला आउट केलं. आपल्या मैदानावर खडे आहेत म्हणून कुरकुर करतोस ना, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता बॅटचं. ती त्याचीही चालत नव्हती. 1980 मध्ये त्याचं अ‍ॅव्हरेज .230 होतं (हजार संधींत 230 यशस्वी फटके), 1981 मध्ये .222. 1982 च्या हंगामाआधी पाद्रेजने त्याला कार्डिनल्सकडे दिलं आणि बदल्यात गॅरी टेम्पलटन घेतला. टेम्पलटनसुद्धा शॉर्टस्टॉपच, पण बॅटला सरस. कार्डिनल्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, व्हायटी हरझॉग होता. त्याने ओझीशी पैज लावली: चेंडू हवेत मारलास की एक डॉलर तू मला द्यायचा, जमिनीवरून मारलास की मी तुला. पैज ओझीने जिंकली. कारण सरळ होतं. तो चपळ होता, सेंट लुईसचं मैदान कृत्रिम गवताचं होतं, चेंडू त्यावरून सुसाट जायचा. त्या मैदानावर त्या पायांना शोभेल अशी बॅटिंग हरझॉगने त्याच्याकडून करून घेतली.

यानंतरचे आकडे वहीत लिहून ठेव. 1982 मध्ये .248, मग .243, .257, .276, .280 आणि 1987 मध्ये .303. त्या 1987 च्या हंगामात होमरन शून्य! तरी 75 आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या धावा), 43 चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावून मिळवलेले) आणि एमव्हीपीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात दुसरा क्रमांक. बॅटिंग सुधारायला त्याला सहा हंगाम लागले, तुला मात्र महिन्याभरात हवंय. 1985 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, डॉजर्सविरुद्ध नवव्या इनिंगला डावखुरी बॅटिंग करताना (तो दोन्ही बाजूंनी बॅटिंग करायचा) त्याने सामना जिंकून देणारा होमरन मारला, तो सगळे दाखवतात. त्याआधी डावखुऱ्या बाजूने तीन हजारांवर अ‍ॅट-बॅटमध्ये त्याला एकही जमला नव्हता, हे कोणी सांगत नाही.

त्याच वर्षी त्याचा खांदा दुखावला. खांद्याभोवतीचा स्नायूंचा पट्टा, रोटेटर कफ, फाटला होता. ऑपरेशन न करता त्याने व्यायामाने खांदा सांभाळला. थ्रोचा जोर कमी झाला, पण चेंडू आधीपेक्षा लवकर सोडायला तो शिकला. तुझ्यासाठी खरं शिकण्यासारखं आहे ते हेच. उजव्या हाताचा बॅटर पहिल्या बेसला साधारण 4.3 सेकंदांत पोचतो. तेवढ्यात चेंडूपर्यंत जायचं, उचलायचा, ग्लव्हमधून हातात घ्यायचा आणि लांबून आलास तर 35-40 मीटर फेकायचा. तू सगळी भिस्त खांद्यावर ठेवतोस. वेळ वाचतो पायांत आणि ग्लव्हमधून हातात घेण्याच्या ट्रान्सफरमध्ये. डाव्या हाताला जुनी रबरी चप्पल अडकव, पट्ट्यात बोटं घालून, आणि रोज शंभरेक हलके ग्राउंडर घे. चपलेत चेंडू बसत नाही, त्यामुळे उजवा हात आपसूक तिथे हजर राहायला लागतो. पोरं हसतील. हसू देत.

बॅटिंगला थोडी आखूड बॅट धर आणि दुसऱ्या बेसच्या आजूबाजूला जमिनीलगत मार. बंटची, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ ठेवायची, प्रॅक्टिस तू करतच नाहीस, ती कर.

एक शेवटचं, थोडं कडू आहे. 1996 मध्ये नवा मॅनेजर आला आणि ओझीऐवजी तरुण रॉइस क्लेटनला जास्त सामने मिळाले. ओझीचं वय 41, त्या वर्षी अ‍ॅव्हरेज .282, तरी बेंचवर बसावं लागलं. तो नाराज होता, ते त्याने लपवलं नाही आणि त्याच हंगामानंतर निवृत्त झाला. जागा सगळ्यांचीच जाते. आणि आपल्याकडे तर या खेळात पगार देणारी लीगच नाही. दुबईच्या लीगमध्ये मुंबईच्या नावाचा संघ आहे, पण त्याच्या भरवशावर कॉलेज सोडू नकोस. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तरी पदाला लागणारं शिक्षण लागतंच. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेव, गेल्या वेळी भिजवली होतीस.

रविवारी चपलेचा व्हिडिओ पाठव. कॅमेरा पायांवर ठेव, चेहरा नको.

तुझा,
सर