क्रोशाकाम शिकायला सुरुवात करताना नेमकं कोणतं सामान घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे की ऑनलाइन मिळणारा मोठा किट मागवावा, की आजीच्या डब्यातली स्टीलची सुई आणि पांढरं रीळ घेऊनच शिकायला बसावं. माझं ऐकाल तर सध्या दोन्ही नको. ५ मिमीची एक क्रोशाची सुई आणि मध्यम जाडीच्या, फिक्या रंगाच्या लोकरीचा एक गुंडा आणा. शिकायला तेवढं पुरतं.

आजीची सुई जपून ठेवा, ती पुढे नक्की लागेल. पण ती आहे रुमालाच्या कडा, तोरणं, ताटावरची झाकणं असल्या नाजूक कामाची. त्या कामाला दोरा लागतो २० किंवा ४० नंबरचा, आणि दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. त्यात साखळीची एकेक कडी ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान पडते. नवीन शिकणाऱ्याला सुई कुठे खुपसायची तेच दिसत नाही, हात आवळला जातो, मनगट भरून येतं. मग "मला हे जमणारं नाही" म्हणून काम बाजूला पडतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हातात काही खोट नसते, दोरा त्या वेळेला योग्य नसतो एवढंच.

सुई मागताना मिमीच सांगा. नंबरांनी नुसता गोंधळ होतो. स्टीलच्या सुयांवर नंबर वाढला की सुई बारीक होते, तर लोकरीच्या अमेरिकी सुयांवर एच, आय, जे अशी अक्षरं पुढे जातील तशी सुई जाड होते. दुकानदाराने दोन लांब सुया पुढे केल्या तर त्या स्वेटर विणायच्या, आपल्या नव्हेत. आपल्याला एकच हवी, टोकाला आकडी असलेली. धातू म्हणाल तर ॲल्युमिनियम घ्या. प्लास्टिकची सुई घामेजल्या हातात लोकरीला अडते, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत. घेण्याआधी आकडीची खाच ओढणीवरून किंवा रुमालावरून हलकेच फिरवून बघा. धागा ओढला गेला तर खाचेला कंगोरा राहिलाय, दुसरी मागा. दांड्यावर अंगठा टेकायला चपटी जागा आहे ना, तेही पाहा. आणि तुम्ही डावखुऱ्या असाल तरी सुई हीच, वेगळी लागत नाही.

आता लोकर. इथे घाई करू नका. साधी ॲक्रिलिक लोकर सुरुवातीला उत्तम, कारण ती थोडी ताणते आणि टाका घट्ट झाला तरी सुई आत जाऊ देते. सुती धागा ताणत नाही, म्हणून तो दुसऱ्या खेपेला. धाग्याचं टोक दोन बोटांत धरून उलट पिळून बघा. पदर लगेच सुटे होत असतील तर विणताना सुई दर वेळी दोन पदरांमध्ये घुसेल. मखमली आणि केसाळ लोकर दिसते फार गोड, पण तिच्यात टाके मोजता येत नाहीत आणि उसवायला गेलं की गुंता होतो. उसवणं तर रोजचंच असणार! काळा, गडद निळा हे रंगही तूर्त नकोत, संध्याकाळी दिव्याखाली त्यांत टाका सापडत नाही. बदामी, फिका पिवळा, आकाशी घ्या. लोकर लडीच्या रूपात मिळाली तर आधी तिचा गुंडा करून घ्या, लडीतून थेट विणू नका.

पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि बोहरी आळीत हे सगळं हाताळून घेता येतं. ऑनलाइन घ्यायचंच झालं तर लेबलाचा फोटो नीट बघा. किती मिमीची सुई वापरायची ते बहुतेक लेबलांवर छापलेलं असतं. तिथे ४ मिमी लिहिलं असेल तर ५ मिमीच्या हट्टाला पेटू नका, ४ची घ्या.

बाकीचं घरातच निघेल. कात्री, शिंपीकामाची टेप आणि खुणेसाठी दुसऱ्या रंगाच्या लोकरीचे छोटे तुकडे. गोल विणताना फेरीचा पहिला मुका खांब (क्रोशाचा एक बुटका टाका) कुठला हे विसरायला होतं, तिथे असा तुकडा अडकवून ठेवायचा. सेफ्टी पिनही चालते, फक्त तिच्या वेटोळ्यात धागा अडकू देऊ नका. एक गोष्ट मात्र विकत आणावी लागेल, बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची सुई, शेवटची टोकं आत लपवायला. धारदार सुई लोकरीचा धागा चिरते.

पहिल्या गुंड्यात साखळी, मुका खांब आणि त्याहून उंच असा खांब, एवढे तीनच टाके गिरवा, एक चौकोन विणा, उसवा, पुन्हा विणा. पुढे गरम भांड्याखाली ठेवायला काही करावंसं वाटलं तर त्याला सुतीच धागा घ्या, ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं. आणि शाल किंवा बाळाचं पांघरूण काढणार असाल तर लागतील तेवढे गुंडे एकदमच आणा, सगळ्यांच्या लेबलावरचा लॉट नंबर एकच आहे ना हे बघून. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग दुकानात सारखाच वाटतो, फरक कळतो तो अर्धी शाल विणून झाल्यावर.