पडद्यावरचा पापुद्रा आणि बारावीनंतरचे रस्ते

प्रश्न : मी गोव्यात साखळीला बारावी सायन्सला आहे. आजीच्या डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) आलेला पापुद्रा ऑपरेशन करून काढला. आता तिला बरं दिसतं, पण दाराची चौकट अजून जराशी वाकडीच दिसते. शेजारच्या काकांचं हेच ऑपरेशन झालं, त्यांना मात्र सरळ दिसतं. असा फरक का पडतो, हे शोधायचं काम कोण करतं? त्यासाठी मी काय शिकू?

उत्तर : हे काम एकटा माणूस करत नाही, त्यात तीन जणांचा हात असतो. आधी तिघांची कामं बघ, कोर्सची नावं नंतर.

पहिला ओसीटीचा, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने पडद्याचे थर दाखवणारा, स्कॅन काढणारा आणि वाचणारा. पापुद्रा आकसला की पडद्याला सुरकुत्या पडतात आणि मधला खळगा, म्हणजे फोव्हिया, भरून येतो. आतले थर त्या खळग्यावर सरकून आलेत का, आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेषा अखंड आहे का, हे स्कॅनवर दिसतं. ती रेषा तुटलेली असेल तर पापुद्रा स्वच्छ निघाला तरी नजर पूर्ण परतत नाही. आजीचे आणि काकांचे ऑपरेशनआधीचे स्कॅन शेजारी ठेवले तर तुझं निम्मं उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

दुसरा सर्जन. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर तीन बारीक छिद्रं पाडून तो आधी डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतो. मग ब्रिलियंट ब्लू रंग टाकून पापुद्रा आणि त्याखालचा पडद्याचा सगळ्यात आतला थर चिमट्याने सोलतो. हा थर जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चिमटा खोल गेला तर पडद्याला इजा होते, थर तसाच ठेवला तर उरलेल्या पेशींमधून पापुद्रा पुन्हा धरण्याची शक्यता वाढते. नजर सुधारायला काही महिने लागतात. त्यातच मूळची लेन्स असलेल्या वयस्कर माणसाचा मोतीबिंदू वर्ष-दोन वर्षांत वाढतो, आणि घरचे म्हणतात, ऑपरेशन फुकट गेलं!

तिसरा पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर, आणि तुझा प्रश्न मुळात त्याचाच. आपोआप आलेल्या पापुद्र्यात मुख्यतः ग्लियल पेशी (पडद्यातल्या आधार देणाऱ्या) आणि हायलोसाइट (डोळ्यातल्या जेलीतल्या पेशी) असतात. पडदा फाटल्यानंतर आलेल्यात रंगद्रव्याच्या पेशीही मिळतात. पडद्याला ओढ लावतात त्या मायोफायब्रोब्लास्ट पेशी, कारण त्यांच्यात स्नायूसारखं ॲक्टिन हे आकसणारं प्रथिन असतं. पण नमुना काही मिलिमीटरचा, जवळपास पारदर्शक. चिमट्यात चुरगळला किंवा मोठ्या बाटलीत टाकला की शोधताना नाकी नऊ येतात. सोललेला प्रत्येक पापुद्रा प्रयोगशाळेत जातोच असंही नाही.

आता रस्ते. सर्जन व्हायचं तर एमबीबीएस साडेपाच वर्षं, नेत्रशास्त्रात एमएस तीन, वर पडद्याची फेलोशिप वर्ष-दोन वर्षं. पॅथॉलॉजीला एमबीबीएसनंतर एमडी तीन वर्षं. डोळ्याच्या पॅथॉलॉजीला वाहिलेल्या जागा मात्र देशात मोजक्याच, बहुतेक मदुराई, चेन्नई, हैदराबादसारख्या मोठ्या नेत्रसंस्थांत. स्कॅनची गोडी असेल तर ऑप्टोमेट्री (नजर आणि डोळे तपासण्याचा कोर्स), इंटर्नशिप धरून चार वर्षं. ऑपरेशन करता येणार नाही, पण कमाई लवकर सुरू होते. पेशींवरच जीव असेल तर बीएस्सी, मग एमएस्सी (ताळगावला गोवा विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी आहे) आणि पुढे पीएचडी. या रस्त्याला पापुद्रे हवे असतील तर सर्जनशी जमवून घ्यावंच लागतं, हे आधीच ठाऊक असू दे.

माझं मत विचारशील तर यंदा नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दे. सर्जन की पॅथॉलॉजिस्ट, हे आज ठरवायची गरज नाही. एमबीबीएसला दोन्ही दारं उघडी राहतात. बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) राज्याच्या कोट्यातून अर्ज करायचा तर रहिवासी दाखला आत्ताच मामलेदार कचेरीतून काढायला टाक. निकालानंतर तिथे झुंबड उडते. नीटसाठी एक वर्ष थांबायला माझी हरकत नाही. दुसऱ्यांदा थांबू मात्र नकोस, बीएस्सीला प्रवेश घे. आणि प्रॅक्टिकलला कांद्याची साल सोलून स्लाइड करताना कंटाळा येतो का, ते प्रामाणिकपणे बघ. येत असेल तर ऑप्टोमेट्रीचा अर्जही भरून ठेव.