कपाळामागचा मेंदू आणि डोपामिन

प्रश्न : माझा नातू भंवरकुआँच्या कोचिंगला जातो. अभ्यास करताना त्याचा हात सारखा मोबाइलकडे वळतो. विचारले की म्हणतो, “आजोबा, हे डोपामिनमुळे होतं. माझा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अजून पक्का झालेला नाही.” मेंदूचा हा भाग डोपामिनवर खरोखर ताबा ठेवतो का?
— एक निवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या नातवाच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा कपाळाच्या लगेच मागे असलेला भाग स्वतः डोपामिन, म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये संदेश नेणारे एक रसायन, तयार करत नाही. ते काम मुख्यतः मध्यमेंदूतील पेशी करतात, आणि मेंदूतील सुमारे 8,600 कोटी चेतापेशींमध्ये त्यांची संख्या जेमतेम काही लाख आहे. त्यांपैकी काहींचे तंतू न्यूक्लियस अकम्बन्सकडे जातात, जिथे एखाद्या गोष्टीची ओढ आकार घेते. काहींचे तंतू थेट प्रीफ्रंटल कॉर्टेक्सपर्यंत पोहोचतात.

कॉर्टेक्सकडून मध्यमेंदूकडे उतरणारे तंतू ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन सोडतात. मग उत्तेजना देणारा भाग डोपामिन कमी कसे करील, असे कोणालाही वाटेल. त्याचा उलगडा जोडणीच्या रचनेत आहे. कार आणि सेसॅक यांनी 2000 साली उंदरांच्या मेंदूचा सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कॉर्टेक्सचे तंतू परत कॉर्टेक्सकडेच डोपामिन पाठवणाऱ्या पेशींशी जोडलेले आढळले. अकम्बन्सकडे तंतू पाठवणाऱ्या पेशींमध्ये मात्र ते डोपामिन पेशींशी नव्हे, तर गाबा हे शमन करणारे रसायन सोडणाऱ्या पेशींशी जोडलेले दिसले. म्हणजे एकाच भागाकडून निघालेली उत्तेजना एका वाटेने डोपामिन वाढवू शकते आणि दुसऱ्या वाटेने ते रोखू शकते.

त्याहून महत्त्वाचा मला 2001 सालचा एक प्रयोग वाटतो. जॅक्सन, फ्रॉस्ट आणि मोघद्दम यांनी उंदरांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला विजेचे सौम्य झटके दिले. सेकंदाला 10 झटके दिले तेव्हा अकम्बन्समधील डोपामिन घटले, आणि 60 दिले तेव्हा ते वाढले. त्याच वर्षी माणसांवर झालेल्या एका अभ्यासात, डाव्या प्रीफ्रंटल भागाला सेकंदाला 10 चुंबकीय स्पंद दिल्यावर कॉडेट या वेगळ्या भागात डोपामिन वाढलेले दिसले. त्यामुळे कॉर्टेक्सला डोपामिनचा नुसता ब्रेक म्हणणे मला पटत नाही. परिणाम कोणता होईल, हे स्पंदनाच्या गतीवर आणि वाटेवर ठरते.

शिवाय हा संबंध दुहेरी आहे. माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील डोपामिन जवळजवळ नाहीसे केल्यावर, जवळपास तो भाग कापून काढल्याइतकीच त्यांची अल्पकालीन स्मृती ढासळते, हे 1979 साली दिसून आले. उलट तीव्र ताणाखाली तिथे डोपामिनचा अतिरेक झाला, तरीही विचार विस्कळीत होतो. परीक्षेच्या धास्तीत असलेल्या मुलाला रागावून त्याचे लक्ष अभ्यासाकडे वळेल, अशी अपेक्षा म्हणूनच ठेवू नये.

हा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो, हे खरे आहे. पण त्यामुळे काहीच करता येत नाही, असे मात्र नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, सराव झाल्यावर डोपामिन पेशी फळांचा रस मिळताना नव्हे, तर रस मिळणार असल्याची खूण दिसताच उद्दीपित होऊ लागल्या. मोबाइलचा आवाज आणि उजळणारा पडदा या तशाच खुणा आहेत. अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवला, तर मोह आवरण्याचे बरेचसे काम कॉर्टेक्सवर पडतच नाही.

प्रश्न : एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असलेली चंचल मुले उत्तेजक औषधाने स्थिर कशी होतात?
— एक पालक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये डोपामिन परत शोषून घेणारे त्याचे स्वतःचे वाहक प्रथिन फार विरळ असते. तिथे ते काम बरेचसे नॉरअॅड्रेनॅलिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे वाहक करतात. एडीएचडीत दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध दोन्ही वाहकांना अडवते. उंदरांवरील प्रयोगांत या औषधाच्या अल्प मात्रेने प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये दोन्ही रसायने ठळकपणे वाढली, पण अकम्बन्समध्ये डोपामिनची वाढ त्या मानाने थोडीच झाली. लक्ष टिकवणाऱ्या भागाला असे बळ मिळाल्याने मूल स्थिरावते. मात्रा वाढवली की दोन भागांतला हा फरक राहत नाही. म्हणून हे औषध निदान झाल्यावर आणि मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील त्याच प्रमाणात द्यावे.