प्रश्न वाचकांचे : उबुदला मुक्काम कुठे करावा?

प्रश्न : आम्ही इंदूरच्या सुदामानगरात राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत बालीला जायचे ठरले आहे. समुद्रकिनाऱ्याची आम्हा कोणालाच फारशी ओढ नाही. देवळे, भातशेती आणि नृत्य पाहायचे आहे, म्हणून सगळा मुक्काम उबुदलाच करणार आहोत. सासू-सासरे, आम्ही दोघे आणि सात वर्षांची मुलगी असे आम्ही पाच जण आहोत. सासूबाईंना गुडघेदुखी आहे आणि दोघेही कटाक्षाने शाकाहारी आहेत. एजंटाने दरीच्या काठावरचा, स्वतंत्र तरणतलाव असलेला व्हिला सुचवला आहे, तर एका मैत्रिणीने गावातल्या एखाद्या बाली कुटुंबाच्या होमस्टेमध्ये राहण्याचा आग्रह धरला आहे. काय निवडावे?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : आपण गावातच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिला वाईट असतात असे मुळीच नाही, पण उबुदची जमीन प्रत्यक्षात जशी आहे तशी ती छायाचित्रात दिसत नाही. मध्य बालीतल्या ज्वालामुखींच्या उतारावरून नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात आणि तिथला मऊ खडक कापत त्यांनी खोल, अरुंद घळी तयार केल्या आहेत. गावे आणि रस्ते या घळींमधल्या लांबट उंचवट्यांवर आहेत. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणे सोपे असते. पूर्व-पश्चिम जायचे तर पूल गाठावा लागतो आणि पूल मोजकेच आहेत. नकाशावर गावाच्या मध्यावरच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर वाटणाऱ्या व्हिलातून गाडीने निघाले की कित्येकदा भलामोठा वळसा पडतो, आणि दुपारी गावातल्या अरुंद रस्त्यांवर वाहने खोळंबलेली असली तर तेवढ्याच अंतराला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये. संध्याकाळी किती वेळ लागतो, ते विचारावे.

आयुंग नदीच्या काठावरचे सायान आणि केदेवातान हे भाग अतिशय सुंदर आहेत. परंतु तिथली बरीचशी हॉटेले आणि व्हिले उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेले असतात, म्हणजे स्वागतकक्ष वर, खोली त्याखाली, तरणतलाव आणखी खाली आणि नाश्त्याची जागा पुन्हा वर. पायऱ्या दगडी असतात, सावलीत त्यांवर शेवाळ धरते आणि कठडा सगळीकडे असतोच असे नाही. आपल्या सासूबाईंना रोज दोन-तीनदा ही चढ-उतार करावी लागली, तर तिसऱ्या दिवशी त्या खोलीतून बाहेर पडायला नको म्हणतील, आणि घरातल्या कोणीतरी त्यांच्याजवळ थांबायचे म्हणजे सहलीचे दोन तुकडे होतील. भातशेतातल्या व्हिलांची अडचण वेगळी आहे. त्यांतल्या पुष्कळांपर्यंत गाडी जातच नाही. बांधावरून स्कूटर जाईल एवढीच वाट असते.

संध्याकाळच्या वेळेवर मी मुद्दाम भर देत आहे, कारण उबुदचा खरा आनंद संध्याकाळी आहे. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण साडेआठ अंशांवर आहे. मे महिन्यात तिथे सहा वाजून गेले की सूर्य मावळतो, संधिप्रकाश फार रेंगाळत नाही आणि साडेसहा-पावणेसातपर्यंत चांगला काळोख होतो. इंदुरात त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. पुरी सारेन आगुंग या राजवाड्याच्या अंगणात साडेसातच्या सुमाराला नृत्याचे कार्यक्रम होतात. लेगोंग नृत्यातली बोटांची आणि बुबुळांची हालचाल पुढच्या रांगेत बसून पाहण्यासारखी असते, आणि सोबतीला गामेलान या धातूच्या तालवाद्यांच्या वृंदाचे वादन असते. कार्यक्रम संपल्यावर दरीकाठच्या व्हिलाकडे परत जायला वाहन लागते. ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीने गावातून प्रवासी घेण्याला स्थानिक चालकांचा बऱ्याच ठिकाणी विरोध असतो आणि तसे फलकही लावलेले दिसतात. मग रात्री नऊला, पेंगुळलेल्या मुलीला कडेवर घेऊन, घासाघीस करत उभे राहावे लागते. गावात राहणारा माणूस मात्र पाच-दहा मिनिटांत पायी खोलीवर पोहोचतो. सराफ्यातल्या खाऊगल्लीत मध्यरात्रीपर्यंत रमणाऱ्या इंदूरकरांना हेही सांगून ठेवते की उबुदमधली बहुतेक स्वयंपाकघरे दहाच्या सुमाराला बंद होतात.

आता गावात नेमके कुठे, ते पाहू. राजवाड्यासमोरून जालान राया उबुद हा मुख्य रस्ता जातो. त्याच्या दक्षिणेला मंकी फॉरेस्ट रोड आणि जालान हानोमान हे दोन रस्ते जवळजवळ समांतर खाली उतरतात, आणि त्यांच्या मधल्या व आसपासच्या गल्ल्यांत कुटुंबांनी चालवलेले होमस्टे आहेत. मुख्य रस्त्यावर तोंड असलेली खोली घेऊ नये. दिवसभर स्कूटरचा आवाज येतो. गल्लीत थोडे आत गेले की एकदम शांतता लागते. जमिनीचा उतार इथे सौम्य आहे. पदपथ मात्र गटारांवरच्या फरशांचे आहेत, काही फरशा डुगडुगतात, काही फुटलेल्या असतात. सासूबाईंनी सपाट तळव्याचे, पट्ट्याचे बूट घालावेत. माकडांच्या राखीव वनाच्या पलीकडे न्यूह कुनिंग हे नीटनेटके गाव आहे आणि अनेकांना ते आवडते, परंतु तिथे माकडे घरांच्या छपरांवर येतात. बालीत २००८ पासून रेबीजचा प्रादुर्भाव आहे. सात वर्षांची मुलगी बरोबर असताना माकडांच्या इतके जवळ राहू नये. वन पाहायला जावे, हातात खाऊ घेऊ नये आणि ओरखडा उठला तरी जखम साबणाने बराच वेळ धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

होमस्टे म्हणजे काय, हेही आधी माहीत असलेले बरे. बाली घराची मांडणी आपल्या जुन्या वाड्यातल्या माणसाला परकी वाटणार नाही. रस्त्यावरून तीन-चार पायऱ्या चढून नक्षीच्या दारातून आत गेले की समोर एक आडवी भिंत येते. वाईट शक्ती सरळ चालतात, त्या या भिंतीवर अडतात, असा तिथला समज आहे. भिंतीला वळसा घालून गेले की अंगण, अंगणाभोवती जोत्यावर बांधलेल्या सुट्या खोल्या आणि एका कोपऱ्यात कुटुंबाचे देऊळ दिसते. पाहुण्यांच्या खोल्या सहसा मागच्या बाजूला, ओसरीसह असतात. सकाळी घरातली सून केळीच्या किंवा माडाच्या पानांच्या लहान चौकोनी टोपल्यांत फुले, तांदळाचे दाणे आणि उदबत्ती ठेवून एकेका उंबऱ्यापाशी अर्पण करत फिरते. आपल्या सासूबाई ओसरीवर चहा घेत हे पाहतील तेव्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नसली तरी पुष्कळ काही बोलणे होईल, अशी माझी खात्री आहे. हे दरीकाठच्या व्हिलात मिळत नाही.

अडचणीही सांगते. कोंबडे पहाटे चारपासून आरवतात, रात्री कुत्री भुंकतात, आणि भिंतीवरच्या टोके पालीचा मोठा आवाज ऐकून मुलगी पहिल्या रात्री घाबरेल. हवा दमट असते. कमाल तापमान तिशीच्या आसपास असूनही इंदूरच्या कोरड्या चाळिशीपेक्षा घाम जास्त येतो आणि धुतलेले कपडे लवकर वाळत नाहीत. म्हणून वातानुकूलित खोली घ्यावी आणि खिडक्यांना जाळी आहे का, ते विचारावे, कारण डेंग्यूचे डास तिथेही आहेत. नळाचे पाणी पिऊ नये.

आरक्षणाआधी यजमानांकडून एक गोष्ट आवर्जून मागावी : रस्त्यापासून पलंगापर्यंत चालत जात काढलेले मोबाइलवरचे सलग चित्रण. त्यात पायऱ्या किती व केवढ्या उंच आहेत, कठडा आहे का, न्हाणीघराचा उंबरा कसा आहे, हे सगळे आपोआप दिसते. मागितल्यावर बहुतेक यजमान ते पाठवतात. जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडे मी जाणार नाही. तरणतलाव असेल तर त्याला कुंपण आहे का, हेही त्यात पाहून घ्यावे, कारण बालीत ते क्वचितच असते. तळमजल्यावरच्या दोन लगतच्या खोल्या मागाव्यात.

जेवणाच्या दृष्टीनेही गाव सोयीचे आहे. बालीतले बहुसंख्य लोक हिंदू असले तरी ते शाकाहारी नाहीत आणि सणासमारंभात डुकराचे मांस असते. भाजीच्या पदार्थांतल्या सांबाल चटणीतही बऱ्याचदा तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. होमस्टेच्या नाश्त्याला मिळणाऱ्या केळ्याच्या पॅनकेकमध्ये अंडे असते. आदल्या रात्री सांगितले की फळे, टोस्ट किंवा भात देतात. उबुदमध्ये पूर्ण शाकाहारी उपाहारगृहे चांगल्या संख्येने आहेत आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) व टोफू सर्वत्र मिळतात. गावात राहिल्यास एक जागा पटली नाही तर दुसरी चार पावलांवर असते. व्हिलात तिथल्या एकाच स्वयंपाकघरावर विसंबावे लागते.

दरीचे आणि शेतीचे दृश्य सोडावे असे मी म्हणत नाही. तेगालालांगच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीला सकाळी सातच्या आत गाडीने जाऊन यावे. गर्दी नसते आणि सासूबाईंना वरच्या रस्त्यावरूनच सगळे दिसते. शेतांना पाणी वाटून देणारी सुबाक ही सहकारी पद्धत पाहण्याजोगी आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश केला. एजंटाच्या छायाचित्रातले हिरवे शेत कापणीनंतर नुसत्या खुंटांचे किंवा चिखलाचे असते, आणि शेजारी नवे बांधकाम चालू असेल तर ते छायाचित्रात कधीच नसते. भाड्यापुढे अधिकची दोन चिन्हे छापली असतील तर कर आणि सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते. ते मिळून साधारण २१ टक्के होते.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, चालायची सवय आहे. उबुदला फार गर्दी असते असे ऐकले. बालीच्या आतल्या भागात शांत आणि थंड जागा कोणती?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : थंडी हवी असेल तर मुंडुक. ते उत्तरेकडच्या डोंगरात सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, आसपास धबधबे, कॉफीचे आणि लवंगांचे मळे आहेत, आणि ताम्ब्लिंगान व बुयान ही सरोवरे जवळ आहेत. रात्री स्वेटर लागतो. विमानतळापासूनचा वळणावळणाचा रस्ता मात्र लांब आहे, त्यामुळे पहिली रात्र उबुदला काढावी. शांतता हवी पण थंडीचा आग्रह नसेल तर पूर्वेकडचे सिदेमेन मला अधिक आवडते. आगुंग पर्वत समोर दिसतो आणि शेतातल्या वाटांवर तासन्‌तास चालता येते. दोन्हीकडे रात्री जेवायला राहत्या जागेवरच अवलंबून राहावे लागते, म्हणून स्वयंपाक पाहून जागा निवडावी. पावसाचे नोव्हेंबर ते मार्च हे महिने टाळावेत.

प्रश्न : गुढीपाडव्याच्या सुमारास उबुदला जाण्याचा विचार आहे. त्या काळात मुक्कामाची काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?
— एक वाचिका, वडोदरा

उत्तर : अवश्य घ्यावी लागते. बालीतही शक संवत चालतो आणि त्याचा पहिला दिवस न्येपी म्हणून मौनाने पाळतात. २०२३ मध्ये न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले होते, आणि २०२६ मध्येही दोन्ही १९ मार्चलाच. दर वर्षी असे जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तारीख स्वतंत्रपणे पाहावी. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद असतो, रस्त्यावर कोणालाही, अगदी पाहुण्यांनाही, जाता येत नाही, दुकाने बंद असतात आणि मोबाइलवरचे इंटरनेटही बंद ठेवतात. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या राक्षसांच्या अवाढव्य प्रतिमांच्या मिरवणुका निघतात. त्या चुकवू नयेत.

इथे माझा वरचा सल्ला उलटा होतो. निष्ठेने न्येपी पाळणाऱ्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही आणि दिवे लावत नाहीत, तेव्हा कुटुंबाच्या होमस्टेमध्ये राहून त्यांच्यावर स्वयंपाकाचा भार टाकणे योग्य नाही. त्या दोन रात्रींपुरते स्वतःचे स्वयंपाकघर आणि फिरायला मोकळे आवार असलेले हॉटेल घ्यावे. जेवणाच्या वेळा आणि शाकाहारी पदार्थ आदल्या दिवशीच ठरवून घ्यावेत, आणि रात्री खोलीतले दिवे मंद ठेवून पडदे ओढून घ्यावेत. न्येपीच्या आधी आणि नंतर खुशाल होमस्टेमध्ये राहावे.