विंडोज बदलताना पेजमेकर आणि डोंगलचं काय?

प्रश्न : आमच्या प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर विंडोज 10 आहे. पानं मांडायचं पेजमेकर 7, डोंगल (कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची चावी) लावून चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि बिलांचा जुना, विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीसाठी केलेला प्रोग्रॅम रोज लागतो. विंडोज 11 टाकली तर हे सगळं जागच्या जागी राहील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. डॉस प्रोग्रॅम नुसत्या डबल-क्लिकने उघडत असेल, तर तुमची विंडोज 32-बिटची, म्हणजे जुन्या प्रकारची आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे 'सिस्टिम टाइप' पाहून खात्री करा. विंडोज 11 फक्त 64-बिटमध्ये मिळते आणि 32 वरून 64 वर थेट अपग्रेड होत नाही. डिस्क पुसून नव्याने टाकायची, मग एकेक सॉफ्टवेअर पुन्हा. पण आधी मशीनवर विंडोज 11 चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवा, टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी मशीनमधली सुरक्षेची सोय) नसेल तर पुढची खटपटच नको.

डॉस प्रोग्रॅम 64-बिटवर उघडणारच नाही. कंपॅटिबिलिटी मोडचाही उपयोग नाही. विंडोजमध्येच डॉस चालवून देणारं व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स वापरा. साधा डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी आहे, त्यातून बिल छापता येत नाही.

पेजमेकर 32-बिटचा, त्यामुळे चालण्याची शक्यता चांगली. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा.

खरी अडचण डोंगलची. लायसन्स डोंगलमध्येच असतं, ते जात नाही. पण 32-बिटचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम) 64-बिट विंडोज घेतच नाही. जुन्या सीडीवर विसंबू नका. विक्रेत्याकडून 64-बिटचा ड्रायव्हर हातात आल्याशिवाय डिस्कला हात लावू नका. प्रिंटरचंही तेच.

फॉन्टच्या फायली आत्ताच पेनड्राइव्हवर घ्या. युनिकोड (अक्षरांची सगळीकडे सारखी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये अक्षरांची जागा कंपनीगणिक वेगळी असते. नेमका तोच फॉन्ट नसेल तर जुनी लग्नपत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल.

शक्य असेल तर जुनं मशीन इंटरनेट काढून बिलांपुरतं ठेवा. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आहेत.

प्रश्न : 64-बिट विंडोज 10 वरून 11 केली, पण स्कॅनर बंद पडला. मागे जाता येईल?

उत्तर : 10 दिवसांच्या आत असाल तर हो : सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं मात्र जातील. तोवर 'विंडोज.ओल्ड' फोल्डर डिलीट करू नका, परतीची वाट त्यातूनच आहे.