बेनिडॉर्मला आणखी दोन वर्षं राहा, पण घर घेऊ नका

प्रश्न : मी ५६ वर्षांची, मिस्टर ५८. दोघांनी नोकरी सोडली आणि वर्षभरापूर्वी पुण्याहून स्पेनमधल्या बेनिडॉर्मला आलो, नोकरी-धंदा न करता राहण्याच्या व्हिसावर. मुलगी, जावई आणि दोन वर्षांची नात व्हॅलेन्सियाला असतात. पेन्शन नाही. ठेवी, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून ३ कोटी ६० लाख आहेत. कोथरूडचा फ्लॅट महिना ३८ हजारांनी भाड्याने दिलाय. इथला खर्च महिन्याला १,९०० युरो, त्यात भाडं ८५०. आता घरमालक म्हणतो, उन्हाळ्यात घर रिकामं करा, नाहीतर १ लाख ७५ हजार युरोला विकत घ्या. कोथरूड विकून हे घर घ्यावं का? की परत यावं? सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, साताऱ्याला दिरांकडे असतात.

उत्तर : ताई, माझं मत आधीच सांगतो. व्हिसाचं दोन वर्षांचं नूतनीकरण करून घ्या. बेनिडॉर्मचं घर घेऊ नका आणि कोथरूडच्या फ्लॅटला हात लावू नका.

राहायला किती लागतं ते आधी पाहू. बाराही महिने राहता येईल असं घर शोधाल तेव्हा खर्च महिना २,००० युरोवर जाईल. युरो १०५ रुपये धरला तर वर्षाचे २५ लाख. कोथरूडच्या भाड्यातून सोसायटी, मिळकतकर आणि आयकर वजा जाता सव्वातीन लाख हातात राहतात. म्हणजे उरलेले २२ लाख पुंजीतून काढायचे, पुंजीच्या सहा टक्क्यांहून थोडे जास्तच. पुण्यात स्वतःच्या घरी महिना ८५ हजारांत तुमचं व्यवस्थित भागेल. तिथे हाच आकडा तीन टक्क्यांच्या आत येतो.

सहा टक्के जड का, तर तुमची पुंजी रुपयांत आहे आणि खर्च युरोत. २०१५ मध्ये युरो सत्तरीच्या आसपास होता, २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. स्पेनची महागाई अडीच टक्के आणि रुपयाची घसरण साडेतीन टक्के धरली, तर तुमचा खर्च रुपयांत दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढतो. गुंतवणुकीवर कर भरून सात टक्के सुटले असं मानलं, तर अठराएक वर्षांत पुंजी संपते. तेव्हा मिस्टर ७६ चे असतील, तुम्ही ७४ च्या. माझी सगळी काळजी या एका आकड्याची आहे.

दोन वर्षांचं गणित मात्र वेगळं. पुण्याच्या तुलनेत वर्षाला १२ लाख जादा, त्यात विमानप्रवास आणि स्पेनचा कर मिळवला तर दोन वर्षांचे २८ ते ३० लाख. तुमची पुंजी एवढं सोसू शकते. नात दोन ते चार वर्षांची होईल तो काळ तुम्हाला तिच्याजवळ हवा आहे. त्यासाठी हे पैसे खर्च करावेत असं मी मनापासून म्हणेन.

आता घराचं. पुनर्विक्रीच्या घरावर तिथला हस्तांतरण कर बरीच वर्षं १० टक्के होता, जून २०२६ पासून तो ९ टक्के ठरला आहे. त्यावर नोटरी, नोंदणी आणि वकील. सगळं धरून दोन कोटींच्या पुढे जातं. घर घेतलं म्हणून राहण्याचा हक्कही मिळत नाही. मालमत्ता घेऊन निवासपरवाना मिळवण्याची योजना स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला बंद केली. 'उन्हाळ्यात पर्यटकांना देऊन पैसे वसूल करू' असं कोणी सुचवेल. त्याच तारखेपासून अशा नव्या वापराला इमारतीतल्या मालकांच्या तीन-पंचमांश मतांची संमती लागते. ती मिळेल या भरवशावर दोन कोटी घालू नका.

आणि कोथरूड विकताना काय होईल? भारतात १२.५ टक्के भांडवली नफा कर. नवं घर घेऊन तो वाचवायचा तर ते घर भारतातच असावं लागतं, बेनिडॉर्मचं चालत नाही. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिल्यामुळे तुम्ही स्पेनच्या करनिवासी आहात, तेव्हा हा नफा तिथेही दाखवावा लागेल. एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून भारत आणि स्पेनमध्ये असलेल्या करारामुळे भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण स्पेनचा दर जास्त असल्याने फरकाची रक्कम भरावी लागेल. पुढे कधी विकायचाच झाला तर भारतात परतून करनिवासी झाल्यावर विका.

घरमालकावर रागावू नका. १९५६ च्या आराखड्यापासून हे गाव उंच इमारती आणि पर्यटकांवरच उभं राहिलं. सप्टेंबर ते जून हंगामी भाडं आणि जुलै-ऑगस्टला पर्यटक, हा तिथला नेहमीचा व्यवहार आहे. मात्र कायमच्या वास्तव्याचा भाडेकरार केलात, तर मालक व्यक्ती असेल तेव्हा भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. तुम्हाला असा करार हवा. मी शेजारच्या व्हिलाहोयोसात शोधेन. ट्रामने जोडलेलं आहे, समुद्र तोच, आणि त्या भागाचं सरकारी रुग्णालय तिथेच आहे.

रुग्णालयाचं मी मुद्दाम म्हणतोय. एक वर्ष वास्तव्य झालं की स्पेनच्या सरकारी आरोग्यसेवेत पैसे भरून सामील होता येतं. ६५ च्या आत महिना ६० युरो, नंतर १५७. औषधांचा खर्च त्यात येत नाही. नूतनीकरणापुरता खासगी विमा ठेवून याची चौकशी आजच करा. भारतातली मेडिक्लेम मात्र कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवा. साठीला नवी पॉलिसी घ्यायची म्हणजे जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि नेमके त्याच वयात तुम्ही परत येणार आहात.

तुमच्या पत्रात कागदपत्रांचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. भारतातली बचत खाती एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीची रुपयांची खाती, करून घेतलीत का? स्पेनबाहेरची खाती, गुंतवणूक किंवा स्थावर, यांपैकी कोणत्याही गटात ५० हजार युरोंहून जास्त असेल तर ३१ मार्चपर्यंत 'मोदेलो ७२०' हा परदेशी मालमत्तेची माहिती देणारा स्पेनचा फॉर्म भरावा लागतो. तुमच्या पुंजीकडे पाहता तो लागणारच. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी स्पेनमध्ये ते उत्पन्न धरलं जातं. दोन्हीकडचे नियम जाणणारा करसल्लागार तिथे गाठा. फीचे काहीशे युरो जातील, जाऊ देत.

पाच वर्षं पूर्ण करून दीर्घकालीन निवासाचा विचार मनात असेल, तर त्या पाच वर्षांत एकूण दहा महिन्यांहून जास्त स्पेनबाहेर राहता येत नाही. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. साताऱ्याला तीन-चार महिने राहण्याची वेळ आली तर ती मोकळीक तुम्हा दोघांना हवी. मिस्टरांशी हे स्पष्ट बोलून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर त्या पाच वर्षांचा हट्ट धरला नसता.

नूतनीकरणाला दोघांचे मिळून वर्षाला ३६,००० म्हणजे दोन वर्षांचे ७२,००० युरो दाखवावे लागतील, साधारण ७५ लाख रुपये. हे दाखवायचे आहेत, सगळे खर्च करायचे नाहीत. तरी दोन वर्षांच्या खर्चाचे ४८,००० युरो टप्प्याटप्प्याने तिकडच्या खात्यात नेऊन ठेवा, म्हणजे या काळात रुपया किती घसरला याकडे पाहत बसावं लागणार नाही. एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, तेव्हा मर्यादेचा प्रश्न नाही. शेअर बाजारातले फंड मोडू नका, आधी ठेवी वापरा.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी दोन महिन्यांपासून करता येतो. बँकेचे उतारे, कोथरूडचा नोंदणीकृत भाडेकरार आणि विम्याचे कागद आता गोळा करायला घ्या, अधिकृत भाषांतराला वेळ लागतो. मला पीपीएफची मुदत कधी संपते ती तारीख आणि फंडांची यादी पाठवा. कोणती ठेव आधी मोडायची ते त्यावरून सांगतो.