कूस बदलली की गरगरतं, मग मानेचा एक्स-रे काढावा का?

आधी कान बघा. आपल्याकडे चक्कर म्हटली की सगळे मानेच्या मणक्यांवर घसरतात. पण कूस बदलताना किंवा वर फळीवरचा डबा काढताना खोली फिरते आणि मिनिटभरात थांबते, हे वर्णन बीपीपीव्हीचं, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की कानामुळे येणाऱ्या चक्करेचं. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि मेंदूला खोटी बातमी देतात.

निदानाला एक्स-रे लागत नाही. डॉक्टर तुमची मान ४५ अंश वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांकडे बघत बसतात. एक-दोन क्षणांनी बुबुळं ठरावीक दिशेने थरथरू लागली की झालं निदान. डिक्स आणि हॉलपाइक यांची ही १९५२ ची चाचणी आजही पहिली. उपायही तसाच, डोकं क्रमाक्रमाने फिरवून खडे परत जागेवर सरकवायचे. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. नंतरच्या तुलनात्मक चाचण्यांत ती नुसत्या दाखवण्यापुरत्या केलेल्या खोट्या उपचारापेक्षा सरस ठरली. गोळ्यांनी मळमळ दबते, खडे हलत नाहीत.

मात्र बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं किंवा हात लुळा पडला तर कान-बिन विसरा, थेट इस्पितळ गाठा.